गुन्हेस्थळाचे टिपण : एक पाठचिकित्सक विचार
(गूल्स्टन स्ट्रीट येथील भिंतलेखाच्या अनुषंगाने)

१. प्रास्ताविक

रहस्यकथेच्या समीक्षेत निवेदकाच्या विश्वसनीयतेचा प्रश्न नवा नाही. अगाथा ख्रिस्ती यांची ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’ ही कादंबरी १९२६ साली प्रसिद्ध झाली, तेव्हापासून या प्रश्नाची चर्चा सातत्याने होत आली आहे. निवेदक काही दडवील, साक्षीदार विसरेल, संशयित दिशाभूल करील, हे वाचक गृहीत धरूनच चालतो. मात्र तपास करणाऱ्याने घटनास्थळी उभे राहून वहीत जे टिपले, त्याबद्दल तो सहसा शंका घेत नाही. टिपण म्हणजे जणू घटनास्थळाचा ठसा, अशी त्याची समजूत असते. ही समजूत कथेपुरती मर्यादित राहिली असती तर तिची फारशी दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु प्रत्यक्ष गुन्ह्यांच्या इतिहासाकडे पाहतानाही अभ्यासक पुष्कळदा याच समजुतीच्या आधारे निष्कर्ष काढतात.

कथेतील टिपण आणि वास्तवातील टिपण यांतील अंतर एका उदाहरणावरून स्पष्ट व्हावे. आर्थर कॉनन डॉइल यांची ‘अ स्टडी इन स्कार्लेट’ ही पहिली होम्सकथा १८८७ साली प्रसिद्ध झाली. तीत एका ओसाड घराच्या भिंतीवर रक्ताने लिहिलेली पाच अक्षरे आढळतात. पोलीस अधिकारी लेस्ट्रेड यांना ते ‘रेचल’ हे अर्धवट राहिलेले स्त्रीनाम वाटते, तर होम्सच्या मते तो सूड या अर्थाचा जर्मन शब्द असतो. वाद आहे तो अर्थाचा. अक्षरे कोणती, याविषयी कोणाचेही दुमत नाही. संहिता निश्चित आहे आणि अर्थ अनिश्चित आहे, ही या प्रकारच्या कथेची पूर्वअट होय.

पुढच्याच वर्षी त्याच लंडन शहरात एका भिंतीवर खडूने लिहिलेला मजकूर पोलिसांना आढळला. तेथे ही पूर्वअटच कोलमडली. मजकुराचा अर्थ काय, हा प्रश्न पुढचा. मजकूर नेमका काय होता, हेच आज निर्विवादपणे सांगता येत नाही. गुन्हेस्थळाचे टिपण ही एक संहिता आहे, तिला पाठभेद असतात आणि तिची विश्वसनीयता पाठचिकित्सेच्या कसोट्यांवरच तपासली पाहिजे, हा विचार या प्रकरणाच्या आधारे मांडण्याचा येथे प्रयत्न आहे.

२. घटनाक्रम

३० सप्टेंबर १८८८ हा रविवार होता. पहाटे पावणेदोनच्या सुमारास लंडनमधील माइटर स्क्वेअर या चौकात कॅथरिन एडोज या स्त्रीचा मृतदेह गस्तीवरील शिपायाला आढळला. हा चौक ‘सिटी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लंडनच्या मध्यवर्ती भागात येतो आणि त्या भागाचे पोलीस दल स्वतंत्र होते. रात्री २ वाजून ५५ मिनिटांनी आल्फ्रेड लाँग या दुसऱ्या दलाच्या, म्हणजे मेट्रोपॉलिटन पोलिसांच्या शिपायाला गूल्स्टन स्ट्रीटवरील एका चाळवजा इमारतीच्या दाराशी रक्ताने भिजलेला कापडाचा तुकडा दिसला. तो एडोज हिच्या एप्रनचा कापलेला भाग होता, हे पुढे सिद्ध झाले. रक्ताचे आणखी डाग आहेत काय, हे पाहत असता लाँग यास दाराच्या आतील बाजूस भिंतीवर पांढऱ्या खडूने लिहिलेला मजकूर आढळला.

एप्रनचा तुकडा एका दलाच्या हद्दीतील खुनाशी जोडलेला आणि सापडला दुसऱ्या दलाच्या हद्दीत, अशी ही स्थिती होती. सिटी पोलिसांचे गुप्तहेर डॅनियल हॉल्स तेथे येऊन थांबले. मजकुराचे छायाचित्र घ्यावे, अशी त्यांच्या वरिष्ठांची सूचना होती. परंतु मजकुरात ज्यू लोकांचा उल्लेख होता. तो परिसर ज्यू वस्तीचा होता आणि रविवारचा बाजार थोड्याच वेळात भरणार होता. ‘लेदर एप्रन’ या टोपणनावाच्या एका ज्यू माणसावर आधीच्या खुनांचा संशय घेतला गेल्यामुळे वातावरण तापलेले होते. मजकूर लोकांच्या दृष्टीस पडल्यास दंगल उसळेल, अशी भीती मेट्रोपॉलिटन दलाच्या अधिकाऱ्यांना वाटली. आयुक्त सर चार्ल्स वॉरन स्वतः तेथे आले आणि पहाटे साडेपाचच्या सुमारास मजकूर पुसून टाकण्यात आला. केवळ पहिली ओळ पुसावी, असा पर्याय सुचवला गेला होता. तो स्वीकारला गेला नाही. छायाचित्र घेतले गेले नाही.

भिंत पुसली गेली त्या क्षणी मूळ हस्तलिखित नष्ट झाले आणि प्रतींचा इतिहास सुरू झाला. पाठचिकित्सेच्या विद्यार्थ्याला ही परिस्थिती अपरिचित नाही. म्हाइंभटाने प्रत्यक्षदर्शींना विचारून सिद्ध केलेल्या ‘लीळाचरित्रा’ची मूळ प्रत धाडीत नाहीशी झाली आणि पुढे अनुयायांनी स्मरणाच्या आधारे ग्रंथ पुन्हा उभा केला, असे महानुभाव परंपरा सांगते. त्या परंपरेतील निरनिराळे पाठ ते सांगणाऱ्यांच्या नावांनी ओळखले जातात. पाठ कोणाचा, हे सांगितल्याशिवाय पाठ सांगायचा नाही, हा त्यातील संकेत गूल्स्टन स्ट्रीटच्या बाबतीतही मार्गदर्शक ठरावा.

३. साक्षी आणि त्यांचे परस्परसंबंध

उपलब्ध पाठांपैकी दोन प्रमुख आहेत. लाँग यांच्या साक्षीनुसार मजकूर असा होता : ‘द ज्यूज आर द मेन दॅट विल नॉट बी ब्लेम्ड फॉर नथिंग’. हॉल्स यांच्या साक्षीनुसार तो असा : ‘द ज्यूवेस आर नॉट द मेन दॅट विल बी ब्लेम्ड फॉर नथिंग’. या दोहोंत दोन भेद आहेत. पहिला भेद ज्यू या शब्दाच्या वर्णलेखनाचा, तर दुसरा ‘नॉट’ या नकाराच्या स्थानाचा आहे.

११ ऑक्टोबर १८८८ रोजी कॉरोनरसमोर, म्हणजे संशयास्पद मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यासमोर, या भेदांची जाहीर तपासणी झाली. (मुंबईतही हे पद विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत अस्तित्वात होते.) ‘नॉट’ चुकीच्या जागी घातला नाही ना, असा प्रश्न सिटीचे विधी अधिकारी क्रॉफर्ड यांनी लाँग यांना विचारला. लाँग आपल्या पाठावर ठाम राहिले. त्या शब्दाचे वर्णलेखन चमत्कारिक, ‘जे-यू-डब्ल्यू-ई-एस’ असे नव्हते काय, असे विचारले असता मात्र, असेलही, असे उत्तर त्यांनी दिले. त्यांची टिपणवही मागवण्यात आली. वहीत शब्द प्रचलित रीतीने, शुद्ध लिहिलेला निघाला. आपल्या निरीक्षकाने तो शब्द वेगळ्या रीतीने लिहिला असल्याकडे लक्ष वेधले होते, पण आपली नोंद त्याआधीची होती, असा खुलासा लाँग यांनी केला. मग निरीक्षकाच्या स्वतःच्या अहवालातही शब्द शुद्ध कसा, या प्रश्नाला लाँग यांच्याजवळ उत्तर नव्हते.

या उलटतपासणीतून टिपणाविषयी एक मूलभूत गोष्ट उघड होते. शिपाई अक्षरे उतरवीत नाही. तो शब्द वाचतो आणि वाचलेला शब्द आपल्या सवयीने लिहितो. हस्तलिखितांच्या लेखनिकांचीही हीच रीत असते. अनोळखी रूप दिसले की हात नकळत ओळखीचे रूप लिहून जातो. म्हणूनच सोप्या पाठापेक्षा अवघड पाठ मूळ असण्याचा संभव अधिक, असे पाठचिकित्सेचे तत्त्व सांगते. लाँग यांची नोंद सर्वांत आधीची असली, तरी वर्णलेखनाच्या बाबतीत ती सर्वांत विश्वसनीय ठरत नाही. मजकूर पुसण्यापूर्वी आपण तो टिपून घेतला होता, असे हॉल्स यांनी शपथेवर सांगितले. त्यांनी विकृत रूप नोंदवले आणि दुसऱ्या दलाच्या निरीक्षकानेही तशाच रूपाकडे लक्ष वेधले होते. त्यामुळे वर्णलेखन रूढ नव्हते, एवढा निष्कर्ष सुरक्षितपणे काढता येतो.

ते नेमके कसे होते, हा मात्र निराळा प्रश्न आहे. सिटी पोलिसांचे निरीक्षक मॅकविल्यम यांच्या २७ ऑक्टोबरच्या अहवालात ‘जे-ई-डब्ल्यू-ई-एस’ असे रूप येते. ज्या लाँग यांच्या वहीत शब्द शुद्ध होता, त्यांच्याच ६ नोव्हेंबरच्या अहवालात तो ‘जे-यू-ई-डब्ल्यू-एस’ असा होतो. एकाच साक्षीदाराने पाच-सहा आठवड्यांत आपली नोंद बदलली. यात अप्रामाणिकपणा पाहण्याचे कारण नाही. जाहीर चौकशीत झालेल्या चर्चेचा परिणाम स्मरणावर झाला, असे मानणे अधिक सयुक्तिक होईल. हस्तलिखितांच्या भाषेत यास संकर म्हणतात, म्हणजे एका परंपरेची प्रत दुसऱ्या परंपरेतील पाठ उचलते. मॅकविल्यम हे सिटीचे अधिकारी असूनही ‘नॉट’च्या बाबतीत त्यांचा अहवाल हॉल्स यांना सोडून लाँग यांच्या पाठाशी जुळतो, हेही अशाच संकराचे द्योतक असावे.

म्हणून येथे साक्षी मोजून भागत नाही. वॉरन यांनी ६ नोव्हेंबर रोजी गृहखात्याला पाठवलेल्या अहवालासोबत मजकुराची एक नक्कल जोडली होती. तीत ‘नॉट’ लाँग यांच्याप्रमाणेच आहे. यावरून लाँग यांच्या पाठास दुजोरा मिळतो, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु लाँग आणि वॉरन एकाच दलाचे होते आणि ही नक्कल भिंतीवरून स्वतंत्रपणे केली की दलातील आधीच्या नोंदींवरून, याचा उलगडा अहवालातून होत नाही. एकाच मूळ प्रतीवरून झालेल्या दहा प्रती म्हणजे दहा साक्षी नव्हेत. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारत-आवृत्तीत विष्णु सीताराम सुकथनकर यांनी हस्तलिखितांच्या संख्येपेक्षा त्यांच्या वंशावळीला महत्त्व दिले, ते याच कारणाने. शिवाय या नकलेत मजकूर पाच ओळींत मांडलेला आहे, तर हॉल्स यांच्या साक्षीनुसार भिंतीवर तीन ओळी होत्या. ओळींची संख्या ही अर्थाशी संबंध नसलेली, निव्वळ दृश्य बाब. तिच्यातही एकमत नाही, यावरून नक्कल म्हणजे भिंतीचे चित्र नव्हे, हे लक्षात यावे.

या अनिश्चित अक्षरांवर पुढे किती मोठी इमारत उभी राहिली, हे पाहण्यासारखे आहे. स्टीफन नाइट यांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात या शब्दाचा संबंध फ्रीमेसन परंपरेतील ज्यूबेला, ज्यूबेलो व ज्यूबेलम या तीन मारेकऱ्यांशी जोडून खुनांमागे कट असल्याचा सिद्धांत मांडला. त्या परंपरेत या तिघांना असे सामूहिक नाव असल्याला आधार नाही, हे नंतरच्या अभ्यासकांनी दाखवून दिले. पण त्याही आधीचा आक्षेप पाठाचा आहे. ज्या शब्दाच्या अक्षरक्रमाची चार रूपे चार कागदांवर मिळतात, त्यातील एक रूप निवडून त्यावर अर्थाचा डोलारा उभारता येत नाही.

४. एका नकाराची जागा

‘नॉट’ची जागा बदलल्याने अर्थात फारसा फरक पडत नाही, असे मत काही वेळा मांडले जाते. ते तपासून पाहणे आवश्यक आहे. मराठीत ‘तोच चोर नव्हे’ आणि ‘तो चोरच नव्हे’ या वाक्यांतील शब्द तेच आहेत, फक्त ‘च’ एका पदावरून दुसऱ्यावर गेला आहे. पण पहिल्या वाक्यात आणखी चोर आहेत, तर दुसऱ्यात माणूस निर्दोष आहे. इंग्रजीत नकाराचे असेच आहे.

पूर्व लंडनच्या बोलीत दोन नकार एकमेकांना छेदत नाहीत. ते नकार अधिक ठसठशीत करतात. लाँग यांच्या पाठात ‘नॉट’ आणि ‘नथिंग’ एकाच क्रियापदाच्या दोन बाजूंना येतात. त्यामुळे बोलीच्या अंगाने वाचल्यास अर्थ असा होतो : ज्यू लोक कशाचाही दोष अंगाला लावून घेणार नाहीत. हा आरोप करणाऱ्याचा, ज्यूंविषयी आकस बाळगणाऱ्याचा सूर आहे. प्रमाणभाषेच्या अंगाने वाचल्यास तेच वाक्य म्हणते : ज्यू लोकांना दोष दिला जाईल तो विनाकारण नसेल. यात धमकी ऐकू येते किंवा कबुलीही. हॉल्स यांच्या पाठात नकार ‘मेन’ या नामाला जोडलेला आहे आणि ‘विनाकारण दोष दिला जाणे’ हा पदसमूह अखंड राहतो. ज्यू ही विनाकारण दोष सोसणारी माणसे नव्हेत, असा अर्थ येथे अधिक सहज निघतो. यात दुखावलेल्या, डिवचलेल्या माणसाचा सूर असू शकतो.

म्हणजे नकार सरकला की वाक्याचा बोलणारा बदलण्याचा संभव निर्माण होतो. वाक्य ज्यूंविषयी आहे की ज्यूकडून आले आहे, हे पाठनिश्चितीवर अवलंबून राहते. अर्थनिर्णयाचे काम पाठनिर्णयाच्या नंतरचे असते, हे तत्त्व वर्गात सहजपणे सांगितले जाते. येथे त्या तत्त्वाला एका समाजाच्या सुरक्षिततेचा संदर्भ आहे. रशियन साम्राज्यातील छळाला कंटाळून आलेले हजारो ज्यू कुटुंबीय त्या गल्ल्यांत राहत होते. त्यांच्यावर खुनांचा ठपका यावा की नाही, हा प्रश्न त्या पहाटे एका शब्दाच्या जागेशी येऊन भिडला होता. मजकूर खुन्यानेच लिहिला, हेही सिद्ध झालेले नाही. तो ताजा दिसत होता, असे हॉल्स यांचे मत होते. लाँग यांना त्याविषयी मत बनवता आले नव्हते.

५. अभावाची नोंद

टिपणात जे आहे त्याची चिकित्सा एक वेळ करता येते. परंतु ‘अमुक वस्तू तेथे नव्हती’ ही नोंद अधिक अवघड असते. २ वाजून २० मिनिटांनी आपण तेथून गेलो, तेव्हा एप्रनचा तुकडा तेथे नव्हता, असे लाँग यांनी सांगितले. हे खरे मानल्यास खुनी खुनानंतर अर्ध्या तासाहून अधिक काळ परिसरातच होता, असा निष्कर्ष निघतो. त्यावर पुष्कळ तर्क रचले गेले आहेत. हॉल्सही त्याच सुमारास त्या रस्त्याने गेले होते. त्यांनाही तुकडा दिसला नव्हता. पण तो दाराशी असता तरी आपल्या लक्षात आलाच असता असे नाही, असे त्यांनी स्पष्ट केले.

डॉइल यांच्या १९०३ मधील ‘द अ‍ॅडव्हेंचर ऑफ द नॉरवुड बिल्डर’ या कथेत नेमकी हीच परिस्थिती येते. भिंतीवर अंगठ्याचा रक्ताळलेला ठसा सापडतो आणि पोलीस अधिकारी तो निर्णायक पुरावा मानतात. आदल्या दिवशी आपण ती जागा तपासली तेव्हा ठसा नव्हता, म्हणून तो मुद्दाम उमटवला गेला आहे, हे होम्सला ठाऊक असते. कथेत होम्सचे हे निरीक्षण निर्णायक ठरते, कारण ती जागा त्याने हेतुपूर्वक तपासली होती. गस्तीवरच्या शिपायाची गोष्ट निराळी. २ वाजून २० मिनिटांनी कापडाचा तुकडा शोधण्याचे लाँग यांना काहीच कारण नव्हते. जे शोधले नाही त्याच्या अभावाची नोंद त्याच क्षणी होत नाही. वस्तू सापडल्यानंतर ती मागे जाऊन केली जाते. हॉल्स यांची सावध भाषा म्हणूनच अधिक विश्वासार्ह वाटते. आपल्या पाहण्याची मर्यादा सांगणारा साक्षीदार आपल्या खात्रीचे वजनही वाढवीत असतो.

६. समारोप

या विवेचनातून लाँग अविश्वसनीय आणि हॉल्स विश्वसनीय, असा निवाडा करणे अभिप्रेत नाही. विश्वसनीयता हा टिपणकर्त्याच्या स्वभावाचा गुण मानला की चिकित्सा थांबते. एकाच माणसाची एक नोंद एका बाबतीत भक्कम आणि दुसऱ्या बाबतीत कच्ची असू शकते. लाँग यांनी मजकूर प्रथम पाहिला आणि प्रथम टिपला, म्हणून शब्दक्रमाच्या बाबतीत त्यांची नोंद वजनदार आहे. वर्णलेखनाच्या बाबतीत ती सवयीने शुद्ध झालेली आहे. अभावाच्या बाबतीत ती नंतर रचलेली असण्याचा संभव आहे. ‘नॉट’ची जागा कोणती, याचे उत्तर उपलब्ध साधनांनी देता येत नाही. दोन्ही पाठ त्यांच्या साक्षीदारांच्या नावांसह नोंदवणे, हाच प्रामाणिक मार्ग होय. ज्या पुस्तकांत एकच पाठ निःशंकपणे छापला जातो, ती पुस्तके वॉरन यांनी भिंतीच्या बाबतीत जे केले तेच दुसऱ्यांदा करीत असतात.

भारतीय न्यायव्यवहारातही हा विवेक अपरिचित नाही. तपास अधिकाऱ्याची दैनंदिनी न्यायालयाला मागवता येते आणि तिचे साहाय्य घेता येते. मात्र ती पुरावा म्हणून वापरता येत नाही, हा दंडप्रक्रिया संहितेतील दंडक १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही कायम आहे. पंचनाम्याला पंच लागतात, यामागेही एका डोळ्यावर विसंबू नये, हीच दृष्टी आहे. नव्या संहितेने झडती व जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रण आवश्यक केले. त्यामुळे भिंत पुसली जाण्याचा धोका कमी होईल. तरीही चित्रण कोठून सुरू झाले, चौकटीबाहेर काय राहिले आणि चित्रणाची प्रत कोणकोणत्या हातांतून गेली, हे प्रश्न राहतीलच. ते पाठचिकित्सेचेच प्रश्न आहेत.

साहित्याच्या विद्यार्थ्याने जुनी हस्तलिखिते हाताळताना मिळवलेली सवय ग्रंथालयाबाहेरही उपयोगी पडते, हे या प्रकरणावरून दिसून येते. नोंद कोणी केली, केव्हा केली, कशावरून केली आणि ती आपल्यापर्यंत कोणत्या मार्गाने आली, हे चार प्रश्न कोणत्याही टिपणाला विचारता येतात. त्यांची उत्तरे मिळेपर्यंत टिपणाचा अर्थ लावण्याची घाई करू नये. १८८८ च्या त्या पहाटे भिंतीवर खडूने काय लिहिले होते, ते कायमचे पुसले गेले आहे. त्याविषयी दोन माणसांनी काय टिपले, एवढेच शिल्लक आहे आणि जे शिल्लक आहे ते मूळ मजकूर नव्हे, हे विसरता कामा नये.